पाण्याचा दिवस

माझे यजमान पाण्याच्या अन् ड्रेनेजच्या लाइनी टाकायची कंत्राटं घ्यायचे. लोक विचारायचे, ओळखीपाळखीशिवाय तुमचं एवढं नाव झालं कसं? ओळख होतीच की, पण गल्लीतल्या बायकांची. काम मिळालं की हे आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा घ्यायचे. जुनी लाइन कुठून जाते, मागच्या खेपेला ती कुणी फोडली, सगळं तिथंच कळायचं. मी चिडवायचे, निम्मं खोदकाम तुम्ही चहातच उरकता.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी बाई माहेरीसुद्धा जात नाही. म्हणून यांचा नियम एकच होता. गल्लीला पाणी यायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पाइपाचा जोड बसलाच पाहिजे. "एकदा पाणी हुकलं की बाया आपल्याला परत गल्लीत शिरू देत न्हाईत," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात भवानी पेठेत काम चालू होतं. त्या दिवशी सकाळपासून यांची छाती दुखत होती. मी म्हटलं, "दवाखान्यात चला."

"उद्या गल्लीला पाणी हाय. जोड बसला की येतो."

"एक दिवस पाणी न्हाय आलं तर गल्ली मरत न्हाय."

"मग शिव्या कोण खाईल?" म्हणाले, हसले, अन् गाडी काढून गेले.

जोड बसला. हे तिथंच खड्ड्याच्या कडेला टेकले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गल्लीला वेळेवर पाणी आलं. तेराव्याला तिथल्या बायका आल्या, मला धरून रडल्या. "लई जीव लावून काम केलं बगा त्यांनी," म्हणाल्या. मला त्या बायकांचा राग आला. अजूनही येतो.

आता काम मी सांभाळते. परवा जुळे सोलापूर भागात एक जोड राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी पाणी होतं. आमचा फिटर, यांच्याच हाताखाली तयार झालेला, छाती चोळत म्हणाला, "जरा जड वाटतंय वहिनी. एवढा जोड घेतो अन् जातो." मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. पित्त निघालं.

पाणी हुकलं ते हुकलंच. सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्याभोवती जमल्या. "बाई असून तुमाला एवढं कळू न्हाय?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, तुमच्या मालकांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. खरंच होतं ते. यांनी आयुष्यभर कमावलेलं नाव मी एका सकाळीत घालवलं होतं. मी उन्हात उभी राहून सगळं ऐकून घेतलं.

शिव्या कोण खाईल, असं विचारून गेले. मी खाल्ल्या असत्या की. उत्तर ऐकायला तरी थांबायचं.