वेचून टाकलेले दाणे

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे माझी थोरली कोरेगावकडची आणि धाकटा कवठे महांकाळकडचा. पण रीत नसती तरी दुसऱ्या वेळी सासूबाईंनी मला माहेरी जाऊ दिलं नसतं. थोरली जन्मली तेव्हा एक किलो आठशे ग्रॅमची होती. साताऱ्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. सासूबाई दोन एसट्या बदलून तिला बघायला आल्या, काचेबाहेर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि जाताना माझ्या आईला म्हणाल्या, "इहीणबाई, पुढच्या खेपंला पोरगी माज्याकडं ऱ्हाईल. मी घालते खायला."

आईला ते लागलं. मला तर आईपेक्षा जास्त लागलं. आमच्या घरी ऊस, दावणीला दोन म्हशी, दूधदुभतं भरपूर. आणि ही मेंढरांमागं हिंडलेली बाई आम्हाला खाऊ घालायचं शिकवणार! मी चार दिवस त्यांच्याशी फोनवर बोलले नाही. माझा स्वभाव तसा आहे, पटकन भडकते आणि मग विझायला वेळ लागतो. त्या बोलण्यात टोमणा नव्हता, भीती होती, हे मला कळायला दुसरं पोर पोटात यावं लागलं.

सासूला मी आत्या म्हणते. आत्यांना लिहिता-वाचता येत नाही. वस्तीवर आम्ही तिघी होतो, आत्या, मी आणि माझी तीन वर्षांची मुलगी. नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "वजन वाढलं का?" आणि मला रडू यायचं, कारण वाढत नव्हतं. तव्यावर ज्वारीची भाकरी पडली की त्या वासानं मी मोरीकडं पळायची. गहू चालेना, डाळ चालेना. पोटात टिकायचा तो फक्त मऊ भात. त्या भागात भात म्हणजे सणावाराचं, नाहीतर आजाऱ्याचं अन्न. पण आत्या दोन्ही वेळेला माझ्यासाठी रेशनच्या तांदळाचा भात घालायला लागल्या, वर तुपाची धार सोडून.

आणि इथंच मी माती खाल्ली.

मोबाइलवर एक व्हिडिओ आला. रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे मिसळतात, पाण्यात टाकले की तरंगतात, असं एक माणूस घसा ताणून सांगत होता. मी आमचा तांदूळ ताटात ओतून बघितला. खरंच, मधूनच एखादा दाणा वेगळा दिसत होता, जरा पिवळसर, खडूसारखा. ग्लासभर पाण्यात टाकले तर त्यातले काही वर आले. मग मी एक दाणा चिमट्यात धरून जाळला, तर करपट वास आला. तांदूळ जाळल्यावर दुसरा कसला वास येणार? पण तेव्हा मला वाटलं, सापडलं! मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई. आत्यांना मी असं काही समजावून सांगितलं की त्यांचे डोळे मोठे झाले. नुसतं त्यांनाच सांगून थांबले असते तरी बरं. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायकांना गोळा करून मी तो व्हिडिओ दाखवला.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं आटोपली की आत्या उंबऱ्यात उजेडाला बसायच्या. सुपात तांदूळ, शेजारी वाटी. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं. सूप नाकापाशी नेऊन एकेक पिवळा दाणा त्या बोटाच्या चिमटीनं उचलायच्या. मी म्हणायची, "आत्या, राहू द्या, मी करते." तर म्हणायच्या, "तू पड जरा. तुज्या पोटात कायबी वंगाळ जायाचं न्हाई." वेचलेले दाणे कोंबड्यांना जायचे. असे जवळजवळ चार महिने गेले.

सातव्या महिन्यात अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. त्यांच्या वहीत माझं नाव होतं. त्यांनी वजन केलं, लोहाच्या गोळ्या बघितल्या आणि पाकिटावर मोजल्या. मी त्या एक दिवसाआड घेत होते, कारण घेतल्या की मळमळायचं. त्याबद्दल बोलणी खाल्ली. आणि मग त्यांची नजर उंबऱ्यातल्या वाटीवर गेली.

"मावशी, हे काय वेचून ठेवलंय?"

"पलास्टिक," आत्या अगदी अभिमानानं म्हणाल्या. "लय घालत्यात मेले. पर मी एक दाना ऱ्हाऊ देत न्हाई."

ताई कपाळाला हात लावून खालीच बसल्या. म्हणाल्या, "आवं मावशी, ह्येच तर औषध हाय. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं कालवून ह्ये दाणे मुद्दाम बनवत्यात, आणि शंभरात एक असं तांदळात मिसळत्यात. पोटुशी बाईच्या अंगात रक्त व्हावं, बाळ भरावं म्हणून. त्येवढंच तुमी कोंबड्यांला घातलं!"

ताईंनी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "मीच. बाजारात आयकलं. हिला काय बी म्हाईत न्हाई, ही आपली पडून असती."

त्या खोटं बोलल्या. माझ्यासाठी. आणि मी, पदवीधर, गप्प बसले. शिकलेली सून ताईंच्या नजरेतून उतरू नये म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नका. नुसत्या तांदळावर बाळाचं वजन ठरत नाही. गोळ्या रोज घ्या, जेवण झाल्यावर घ्या म्हणजे मळमळणार नाही. अंडं खा, पालेभाजी खा, आणि तांदूळ आता आहे तसाच शिजवा." त्या गेल्यावर आत्या कितीतरी वेळ वाटीकडे बघत बसल्या. मी "आत्या" अशी हाक मारली, तर "भांडी ऱ्हायल्यात" म्हणून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या घरात नव्हत्या. उन्हं कलली तेव्हा आल्या त्या पदराचा ओचा धरून. त्यात दाणे होते, पिवळसर, खडूसारखे. गिरणीत मी लावलेली आग वस्तीभर पसरली होती. घरोघर बायका तांदूळ वेचत होत्या. कुणी डब्यात, कुणी पिशवीत, कोंबड्यांसाठी दाणे साठवले होते. आत्या पाच घरं हिंडून ते सगळे मागून घेऊन आल्या होत्या. त्यांनी निम्मे दाणे ताटलीत बाजूला ठेवले, उरलेले तीन पाण्यांनी धुतले, पातेल्यात घातले आणि चूल पेटवली.

"चार म्हैन्याचं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "आठ दिसात भरून काडू. ह्येची पेज प्यायाची तू."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. पातेल्यात पिवळसर चिकट लगदा शिजत होता. चुलीपुढे बसून आत्या तो इतक्या निगुतीनं ढवळत होत्या की मी तो प्यायलेही असते. पण एकदा शहाणपण करून बसले होते, म्हणून आधी ताईंना फोन लावला. ताई फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की आत्यांना चुलीपाशी ऐकू आलं. "मावशी, औषधाची बाटली एका दमात पितात व्हय? शंभरात एक म्हणजे एकच! चुलीवरनं उतरवा आधी!"

आत्यांनी पातेलं उतरवलं. ताटलीतले निम्मे दाणे अजून कोरडे होते. ते ओच्यात घेऊन त्या पुन्हा त्याच पाच घरी गेल्या. शेजारीण मला नंतर सांगत होती, की म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "माजी चूक झाली गं बाई. ह्ये परत तांदळात मिसळा. पोटुशी असंल तिला तर मुद्दाम द्या." माझं नाव त्यांनी तिथंही घेतलं नाही. गिरणीत तो व्हिडिओ कुणी दाखवला हे त्या पाचही बायकांना माहीत होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी गोळी चुकवली नाही. रोज एक अंडं नाक दाबून गिळलं. आत्यांनी शेवगा, तांदळी, पाथरी, बांधावर उगवलेला एकही पाला सोडला नाही. पोटावर हात ठेवून त्या बाळाचा अंदाज घ्यायच्या आणि पुन्हा पाला निवडायला बसायच्या. मला विचारायचा धीर व्हायचा नाही. रोज ठरवायची, आज सांगायचं की आत्या, दोष माझा आहे. रोज राहून जायचं. इतक्या दिवसांनी सांगायला तोंडच होईना.

तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमाराला बाळ झालं. दाराबाहेरचं बोलणं मला आतून ऐकू येत होतं. सिस्टर बाहेर जाऊन म्हणाल्या, "आजी, नातू झाला. पेढे आणा."

"वजन किती भरलं?" आत्यांनी विचारलं.

"अहो, मुलगा झालाय."

"व्हय, आयकलं. वजन?"

"दोन किलो साडेचारशे. अडीचला पन्नास ग्रॅम कमी आहे, पण काळजीचं काही नाही. दणकून रडतोय, पेटीत ठेवायची गरज नाही."

मग आत्या आत आल्या. मला वाटलं होतं त्या आधी बाळाकडं जातील, पण त्या माझ्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

"त्ये पन्नास ग्राम मी येचून टाकलं गं पोरी," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

मला उठता येत नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आत्या, वेचायला तुम्हाला कुणी सांगितलं? मीच ना? माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत आणि मी गप्प बसले. मला माफ करा."

आत्यांनी नाक पुसलं. सिस्टरनी फडक्यात गुंडाळून आणलेलं बाळ त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, हलकंच वर-खाली करून तोललं आणि माझ्या छातीशी दिलं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "येडी का खुळी तू. आता पाज त्येला. पन्नास ग्राम काय, आठ दिसांत भरून निगंल."