हवापालटासाठी बार्बाडोस

तारीख चौदा नोव्हेंबर, मंगळवार. रक्कम सात हजार तीनशे ऐंशी युरो, तीन व्यक्ती. हजर: मातियास, त्याच्या सासूबाई विजयाकाकू, त्याची दहा वर्षांची मुलगी मीरा, आणि टेबलाच्या अलीकडे मी. जागा एर्लांगेनमधलं आमचं रायझेब्युरो, म्हणजे ट्रॅव्हल एजन्सी. हल्ली लोक सगळं फोनवर बुक करतात, तरी काहीजण आमच्याकडे येतात. बहुतेक घरात एकमत होत नाही म्हणून येतात.

या घरात एकमत आहे असं मला वाटत होतं.

मातियास जर्मन. त्याची बायको अनघा सांगलीची, आमच्या मराठी मंडळातली. ती मे महिन्यात कॅन्सरने गेली. दर वर्षी ती म्हणायची, यंदा कॅरिबियन. दर वर्षी सुट्टी सांगलीत तरी जायची, नाहीतर आल्प्समधल्या बर्फात. आजारपणात तिने मीराला सांगून ठेवलं होतं, "या नाताळात आपण समुद्रात पोहायचं. स्वेटर घरी ठेवून." मातियासला तो शब्द पाळायचा होता. शिवाय ख्रिसमसला त्या घरात बसणं त्याला शक्य नव्हतं. मीराची एकच अट होती. आजी आली तर ती जाणार, नाहीतर नाही.

आजी, म्हणजे विजयाकाकू, ऑक्टोबरमध्ये सांगलीहून आल्या होत्या. जानेवारीत परत जाणार होत्या. सत्तरीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, बोलणं मोजकं. मी त्यांचा पासपोर्ट मागितला. तो घरी राहिला होता.

"उद्या-परवा दाखवा," मी म्हणालो आणि बेटांकडे वळलो.

कॅरिबियन म्हणजे एक जागा नाही. शेकड्यांनी बेटं आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. मी चार बेटं काढली होती. डॉमिनिकन रिपब्लिक सगळ्यात स्वस्त, पण हॉटेलं प्रचंड, पोहण्याच्या तलावाकाठी दिवसभर स्पीकर. मातियास म्हणाला, "नाइन," म्हणजे नको. कुरसावला अॅम्स्टरडॅममध्ये विमान बदलायचं, काकूंचे गुडघे धड नाहीत. जमैकात विमानतळापासून हॉटेल फार लांब. राहिलं बार्बाडोस. फ्रँकफर्टहून थेट विमान. पश्चिम किनाऱ्याला समुद्र शांत, मूल पोहू शकेल असा. भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंटही मिळत होतं.

"तिथे पोळी मिळते का हो, साठे?" काकूंनी विचारलं.

"रोटी मिळते. आत बटाटा आणि चणे भरून देतात."

"बटाटा? पोळीत?" काकू पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे आपलीच माणसं गेलेली दिसतात तिकडे."

"गेली आहेत. दीडशे वर्षांपूर्वी."

"आणि अजून बटाटाच घालतायत."

मातियासला शब्द कळले नाहीत, हसू कळलं. तो खूश झाला. त्याला थोडंसं मराठी येतं ते अनघाकडून शिकलेलं, म्हणून तो सासूला तिच्यासारखंच 'आई' आणि 'तू' म्हणतो. काकूंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्या मात्र त्याला 'मातियासराव' म्हणतात. तो काकूंकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "आई, तू ये! आपण मजा करू. खूप मजा!"

काकूंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी पर्स उचलली. मग त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या.

"वर्ष झालेलं नाही माझी लेक जाऊन. यांना सांगा, मजेला मला नेऊ नका."

त्या बाहेर गेल्या. मीरा त्यांचा कोट घेऊन मागे धावली. काचेतून दिसत होतं, बसस्टॉपवर ती कोट धरून उभी होती आणि काकू हात घालत नव्हत्या.

"मी काय म्हणालो?" मातियासने जर्मनमध्ये विचारलं. मी समजावलं की मराठी घरात माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत, आणि मजा म्हणजे मौज, चैन.

"पण अनघा हेच म्हणायची! गाडीत बसलो की, 'चला, मजा करू.' मला वाटलं, सुट्टीला मराठीत मजा म्हणतात."

त्याला दुसरा शब्द कुणी शिकवलेलाच नव्हता.

ते गेल्यावर माझ्या बॉस, फ्राउ केलर, टेबलाशी आल्या. "बुक झालं?"

"ऑप्शन टाकतो." ऑप्शन म्हणजे पैसे न भरता जागा काही दिवस धरून ठेवणं.

"शुक्रवारपर्यंत. नंतर सोडून द्या. नाताळाच्या जागा आहेत, हेर साठे, म्युझियममधल्या वस्तू नव्हेत."

गुरुवारी मी त्यांच्या घरी गेलो. दिवाळीचे दिवस होते. ज्या घरात दुःख आहे तिथे तळण होत नाही, म्हणून इतरांनी फराळ न्यायचा. बायकोने डबा दिला होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उघडला नाही.

"जावई वाईट नाहीत," त्या आपणहून म्हणाल्या. "पण पोरीला बापाने रडायला तरी शिकवावं की नाही? हे पोहायला शिकवतायत."

मी म्हणालो, "काकू, ते जर्मनमध्ये मजा म्हणत नाहीत. एरहोलुंग म्हणतात. आजारातून माणूस उठतो, त्याला इथे तोच शब्द आहे. सुट्टीलाही तोच."

"म्हणजे काय? हवापालट?"

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हणालो, "हो. हवापालट."

काकूंनी डबा बाजूला ठेवला. मग सांगू लागल्या. विषमज्वरातून उठल्यावर त्यांच्या वडिलांनी त्यांना पन्हाळ्याला महिनाभर ठेवलं होतं. तिथे काही करायचं नव्हतं. सकाळी तटावर बसायचं, दुपारी झोपायचं. "मी सारखी चिडायची. पण चालायला तिथेच लागले परत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तसं सांगायचं ना मग, साठेसाहेब. एवढा पगार घेता."

मातियास संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. "लुफ्टफरएंडरुंग," तो म्हणाला. "माझी ओमा, म्हणजे आजी, हा शब्द वापरायची. खोकला झाला की आम्हाला समुद्रावर पाठवायची." तो काकूंसमोर खुर्चीत बसला आणि शब्द तोडून तोडून म्हणाला, "आई. हवा. पालट. तू, मी, मीरा."

"येते," काकू म्हणाल्या. "पण रोटी मी घरी करणार. बटाट्याशिवाय."

मीराने आजीच्या गळ्यात हात टाकले आणि जर्मनमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्येच देते. मग तिनेच आतून पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला.

शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनी आणि आसपासच्या देशांच्या व्हिसावर, किती वेळा आत येता येईल याचा एक रकाना असतो. पुष्कळांच्या तिथे 'अनेक' असं लिहिलेलं असतं. काकूंच्या रकान्यात 'एक' लिहिलेलं होतं. तो एक प्रवेश त्यांनी ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला उतरताना वापरला होता. बार्बाडोसला त्या जाऊ शकत होत्या. तिथून जर्मनीत परत येऊ शकत नव्हत्या. तिथून परस्पर भारतात जायचं तर मध्ये लंडन, आणि लंडनचा वेगळा व्हिसा.

मी पान दोनदा वाचलं. मग तिघांना सांगितलं, आधी जर्मनमध्ये, नंतर मराठीत. मीराला दोन्ही वेळा कळलं.

शुक्रवारी सकाळी मी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला फोन केला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, व्हिसात बदल फक्त हेर्टेफालमध्ये होतो, म्हणजे खरोखर कठीण प्रसंगात. कारण काय?

"कौटुंबिक एरहोलुंग. मुलीची आई मे महिन्यात गेली आहे."

"मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण एरहोलुंग हा हेर्टेफाल नाही."

नियम त्यांनी केलेला नव्हता.

दुपारी तिघं ऑफिसात आले. मातियास म्हणाला, "आल्झो, मग तेनेरिफ बेट. स्पेनमध्येच येतं, आईला याच व्हिसावर चालेल."

मी खरं सांगितलं. "चालेल. पण डिसेंबरात तिथलं पाणी थंड असतं. वारा असतो. पाय भिजवता येतील. पोहणं कठीण."

"मग काठावर बसू."

"नाही," काकू म्हणाल्या. मी भाषांतर करत होतो, पण त्या मातियासकडे बघत होत्या. "तिच्या आईने पोहायचं म्हणून सांगितलंय. माझ्यासाठी तिचा शब्द मोडायचा नाही. तुम्ही दोघं जा."

मीरा जर्मनमध्ये म्हणाली, "मग मीही नाही जाणार."

काकूंनी तिला जवळ ओढलं. "अगं, मी आले असते तर तुला पाण्यात टिकू तरी दिलं असतं का? सारखी काठावरून ओरडले असते. बाहेर ये, सर्दी होईल. केस पूस. मला तर समुद्र बघूनच चक्कर येते."

"दू ल्युग्स्ट, आजी," मीरा म्हणाली. आजी, तू खोटं बोलतेस.

"हो," काकू म्हणाल्या. "तरी जा."

मातियास टेबलावरच्या बेटाच्या चित्राकडे बघत राहिला. फ्राउ केलर मागच्या खोलीतून येऊन उभ्या राहिल्या होत्या. ऑप्शन संपायला दोन तास होते, तरी त्या परत आत गेल्या.

काकूंनीच दुसरी गोष्ट ठरवली. दोघं बेटावर आणि त्या एकट्या त्या फ्लॅटमध्ये, अनघाच्या कपड्यांच्या कपाटाशेजारी, हे त्यांना नको होतं. त्यांचं परतीचं तिकीट जानेवारीचं होतं. ते त्यांनी अलीकडे आणायला सांगितलं, दोघं निघतील त्याच दिवशीचं. म्हणजे फ्रँकफर्टपर्यंत एकाच गाडीतून जाता येईल.

तेवीस डिसेंबरला मी कामावर होतो. दुपारी मातियासचा मेसेज आला: आईचं विमान आमच्या आधी सुटलं. मीराने काचेला नाक लावून ते धावपट्टीवरून जाताना बघितलं. आता आम्ही बसतोय. जानेवारीत तो पुन्हा ऑफिसात आला. मीरा नाताळच्या दिवशी पोहली का, असं मी विचारलं. पोहली, म्हणाला. आधी बराच वेळ काठावर बसली, मग गेली. परत आल्यावर केस कोरडे करून दे, असं स्वतः म्हणाली.

तेव्हापासून मी ग्राहकाला कॅटलॉग देण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट मागतो, आणि तो घरी राहिला असेल तर पुन्हा या म्हणतो. फ्राउ केलरना ते उद्धट वाटतं. सुट्टी बेटापासून सुरू होते असं लोकांना वाटतं. ती व्हिसाच्या त्या बारीक रकान्यापासून सुरू होते.

शेवटी भरलेले पैसे असे. टूर कंपनीला पाच हजार सहाशे चाळीस युरो, दोन व्यक्ती, मातियासच्या खात्यातून. एअरलाइनला तारीखबदलाचे एकशे तीस युरो. ते मातियास देत होता. काकूंनी त्याचं कार्ड बाजूला सारलं आणि नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या. पावती मी श्रीमती विजया यांच्या नावाने केली.