नारळ सोलेपर्यंत

आमच्या मोठ्या साडूंचा हात लागल्याशिवाय जैनथच्या पंचक्रोशीत आजवर एकही नवी वस्तू सुरू झालेली नाही. पंखा असो, शिलाई मशीन असो, बोअरची मोटार असो. पहिलं बटण दाबायचं ते साडूंनी, आणि तेही नारळ फोडून. एकदा ते लग्नासाठी बेल्लमपल्लीला गेले, तर शेजाऱ्यांचा कोरा फ्रीज ते परत येईपर्यंत भर उन्हाळ्यात तसाच बंद उभा होता. वांग्याची तोडणी अर्धी टाकून हा माणूस कुणाच्याही मिक्सरसाठी धावत जातो, आणि मिक्सर घरघरला की घरात बारसं असल्यासारखा खूश होतो.

अशा माणसाच्या स्वतःच्याच घरी लॅपटॉप आला, मग काय विचारता. लेक स्वातीला बासरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. आदिलाबादचा दुकानदार सहज बोलून गेला, "सिस्टम अंदर डाली हुई है, बस ॲक्टिव्हेशन बाकी है." झालं, साडूंच्या अंगात वारं शिरलं. ॲक्टिव्हेशनला लागणारी लायसन्सची अक्षरं आपणच टाकायची म्हणून त्यांनी खोका झाडला, थर्माकोल फोडला, लॅपटॉप पालथा घालून चष्म्यातून पाहिला आणि चष्म्यावरूनही पाहिला. कुठे काही छापलेलं नाही. फोन केला तर दुकानदार म्हणाला, लायसन्स मशीनच्या आतच आहे, नेट लागलं की आपोआप होईल.

"आपोआप कसं होईन?" साडू माझ्यावरच उखडले. "मंग आमी कायले आहो?"

स्वाती दुसऱ्या सकाळी निघणार होती, आणि तिच्या लॅपटॉपची सुरुवात आपल्याच हातून व्हावी हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी आमची वरात ज्वारी राखायच्या माळ्यावर चढली. पुढे लॅपटॉप घेऊन स्वाती, मागे नारळ घेऊन साडू, आरतीचं ताट सावरत माझ्या मेहुणीबाई आणि शिडी धरायला मी. स्वातीने फोनचं नेट जोडलं. इकडे नारळाच्या शेंड्या काही निघेनात.

"थांब वं जराशी, सोलून राह्यलो," साडू म्हणाले.

"बाबा, झालं," स्वाती हळूच म्हणाली. "जोडल्याबरोबर झालं. मी तं हातबी नाई लावला."

पडद्यावर तसं लिहूनच आलं होतं. साडू अर्धवट सोललेला नारळ मांडीवर घेऊन मटकन खाली बसले. मग लेकीकडे बघत म्हणाले, "तूबी अशीच मोठी झाली. मी इकडं तयारीच करून राह्यलो होतो."

नारळ त्यांनी फोडलाच नाही. सकाळी बसस्टँडवर तो स्वातीच्या पिशवीत वरच ठेवला आणि म्हणाले, "तिकडं काई नवं सुरू झालं तं तूच फोडजो." मग ड्रायव्हरने बस सुरू केली, आणि साडू रिकाम्या हातांनी ती वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिले.