आधी प्लग दाखवा

“आधी प्लग दाखवा, चहाचं मग बघू.”

कुणाच्याही घरात शिरताना त्यांचं पहिलं वाक्य हे. चप्पल काढता काढता नजर भिंतींच्या बुडाशी फिरायची. घरात म्हातारी माणसं बसलीत, पोरं अभ्यास करतायत, बाई देवापाशी दिवा लावतेय, कशाकडे लक्ष नाही. खांद्यावर जाड काळ्या वायरीचं वेटोळं, गालात तंबाखू, आणि पँटीला मांडीपासून घोट्यापर्यंत ॲसिडने पडलेली भोकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सरळ किळस आली. खोटं कशाला सांगू?

जयपूरला आदर्श नगरात डोळ्यांचं एक धर्मादाय रुग्णालय होतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे नर्स होते. माझे मिस्टर रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. हे गृहस्थही रेल्वेचेच आणि आमच्याच बाजूचे. डब्यांतले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालतात, त्यांना पाणी पाजण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर मुलापाशी इथेच राहिले. रुग्णालयाला कुणी शेठजींनी विजेवर चालणारी व्हॅन दान दिली, तेव्हा बॅटरीतलं कळणारा माणूस म्हणून यांना बोलावलं. चालवायचेही तेच. सगळा स्टाफ त्यांना बाबूजी म्हणायचा. मी काका म्हणायचे.

पेट्रोलचं नाव काढलं की काका थुंकत. “श्शी! उभ्या उभ्या गिळायचं अन् ढेकर देत सुटायचं. हे काय जेवण झालं?” व्हॅन म्हणजे त्यांची गाय. रात्रभर दावणीला बांधून ठेवायची, म्हणजे तार लावून. कुणी जवळ गेलं की खेकसायचे, “रवंथ करतेय ती! उठवू नका!”

आता तुम्हाला म्हणून सांगते, गाय काही फार गुणाची नव्हती. काका छातीवर हात ठेवून सांगायचे, “एकदा पोट भरलं की सत्तर किलोमीटर बघायचं नाही.” बघावं लागायचं. झोटवाड्यात एकदा भर बाजारात ती मटकन बसली. मी आत होते. पेट्रोलची गाडी असती तर कुणीतरी बाटलीतून अर्धा लिटर आणून ओतलं असतं आणि आम्ही चालू पडलो असतो. वीज कुठल्या बाटलीतून आणणार? गाडीलाच ढकलत विजेपाशी न्यायचं. ऑटोवाले हसायला लागले, “बाबूजी, दो बूंद हमारी डाल लो!” काकांनी त्यांना अस्सल खानदेशी शिव्या दिल्या. कळल्या कुणालाच नाहीत, एक मी सोडून, आणि मी पदराने तोंड लपवलं. शेवटी त्या ऑटोवाल्यांनीच ढकलत ढकलत आम्हाला एका मिठाईवाल्याच्या दुकानापर्यंत नेलं. तिथे पंधरा अँपिअरचा प्लग होता.

असे प्लग काकांना शहरभर माहीत होते. देऊळ कुठलं, चौक कुठला, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. जयपूर बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि हा माणूस हवामहलासमोर उभा राहून म्हणायचा, “एवढ्या खिडक्या, पण प्लग एक नाही.”

दिवाळीत फराळाला आमच्या क्वार्टरवर आले तेही व्हॅन घेऊनच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आत घेतली, माझ्या चकल्यांच्या डब्यावरून. पहिला लाडू तोंडात घातला आणि फ्यूज उडाला. आमचाच नाही, शेजारच्या दोन घरांचाही. ऐन लक्ष्मीपूजनाला! मिस्टर टॉर्च शोधतायत, शेजारीण ओरडतेय, आणि हे अंधारात विचारतात, “बेसनाचा आहे का अजून एक?” मला इतका संताप आला की मी डबाच उचलून आत नेऊन ठेवला.

पण एका गोष्टीसाठी मी ती व्हॅन डोक्यावर घेतली असती. तिला वास नव्हता.

हे नीट सांगायला हवं. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्याला मोठी चीर आणि वर टाके. पुढचे काही दिवस पेशंटने शिंकायचं नाही, कण्हायचं नाही, आणि ओकायचं तर मुळीच नाही. जोर पडला, टाका उसवला की डोळा हातचा गेला. आणि आमची जुनी जीप म्हणजे ओकारीचं घरच. मागच्या सीटांच्या मध्ये पेट्रोलचा जादा डबा, त्याचं झाकण कधीच हरवलेलं, तोंडाला चिंधीचा बोळा. दोन वळणं झाली की तो वास घशात बसायचा. मी धडधाकट बाई, मला मळमळायचं.

म्हणून ऑपरेशन झालेले पेशंट काका स्वतः न्यायचे. व्हॅनमध्ये पेशंट असला की तंबाखू बंद. सावकाश जायचे, बैलगाडीसुद्धा पुढे निघून जायची. परत आले की माझ्यापुढे उभे राहायचे. “विचारा, सिस्टर. कुणी ओकलं का?” कुणी ओकलेलं नसायचं. मग आरामात तंबाखूची चंची काढायचे.

आग्र्याच्या रस्त्याला बस्सी गाव आहे. तिथून आमच्याकडे बरेच पेशंट यायचे. जयपुरातून निघालं की लगेच चढाची घाटी लागते, म्हणजे परत येताना ती अगदी शेवटी, व्हॅनच्या पोटात काही उरलेलं नसताना. म्हणून काका बस्सीला एका पिठाच्या चक्कीत प्लग लावून दुपारभर बसायचे. चक्कीवाल्याशी त्यांची घट्ट दोस्ती. पण एकदा घाई होती, डॉक्टर सोबत होते, तेव्हा काका शपथेवर म्हणाले, “चढेल!” चढली नाही. डॉक्टरांनी बूट-सूट घालून घाटीत व्हॅन ढकलली. तेव्हापासून काकांच्या शपथेला रुग्णालयात कुणी विचारत नव्हतं. ही त्यांचीच कमाई, दुसऱ्या कुणाची नाही.

त्या उन्हाळ्यात बस्सीच्या चार बायका दाखल झाल्या. त्यांतल्या एका म्हातारीला एकच डोळा होता. दुसरा लहानपणी देवीत गेलेला. ह्या एकाचं ऑपरेशन छान झालं. काकांशी तिचं मेतकूट जमलं, कारण आणताना व्हॅनचा आवाज येईना म्हणून ही निम्म्या वाटेत म्हणाली होती, “भाया, अब चलाओ भी.” काका ते येईल त्याला सांगत होते.

आणि मग आमच्या मानद सेक्रेटरींच्या डोक्यात कार्यक्रम शिजला. कापडाचे व्यापारी, पांढराशुभ्र सफारी, अत्तराचा फाया. त्यांना बस्सीत मांडव घालायचा होता. बड्या पाहुण्याच्या हातून, फोटोग्राफरसमोर, या बायकांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडायच्या, चष्मे चढवायचे, गावाने टाळ्या वाजवायच्या आणि मग बायकांना परत वॉर्डात आणायचं. टाके अजून ताजे! माणसाच्या डोळ्याची फीत कापायची यांना! डॉक्टर म्हणाले, “अजून आठवडाभर थांबलं तर...” सेक्रेटरी म्हणाले, “पाहुण्यांना हीच तारीख आहे.” डॉक्टरांनी तारीख लिहून घेतली. मला तेव्हाच शिसारी आली आणि ती अजून गेलेली नाही.

जाताना चौघी काकांच्या व्हॅनमधून गेल्या, मी सोबत, रुग्णालयाची जीप मागून. कुणाला साधी उचकी लागली नाही. पण चक्कीत जायची परवानगी नव्हती. व्हॅन मांडवाच्या दारात उभी राहायला हवी, झेंडूच्या माळा घालून, दानशूर शेठजींचं नाव दिसेल अशी. मांडव शाळेच्या आवारात होता. शाळेत मोठा प्लग एकच. काकांनी तिथे तार लावली, मला म्हणाले, “पाहुणे उशिरा येणारच. तोवर रवंथ होतोय.” आणि बायकांना सावलीत बसवायला, पाणी द्यायला लागले.

पाहुणे आले खूप उशिरा. काका व्हॅनपाशी जाऊन बघतात तो तार जमिनीवर लोळतेय आणि प्लगमध्ये कूलरची वायर! स्टेजवर पाहुण्यांच्या कानाशी तो ढणाढणा वाजत होता. मांडवातला एक कार्यकर्ता म्हणाला, “साहब को गर्मी लग रही थी.”

“आणि ह्या बायकांना घाटी कोण चढवणार? तुझा साहेब?” काका मराठीतच ओरडले, आणि कूलरची वायर उपटून आपली तार घातली. मग त्या प्लगला पाठ लावून, हाताची घडी घालून बसले. उठायला तयार नाहीत.

तिकडे स्टेजवर नेमकी आमची म्हातारी पुढे आली होती. कूलर बंद, पाहुणे घामाने निथळत होते. टोपी ओली, गळ्यातला हार चिकटलेला. त्यांनी पट्टी सोडली, जाड भिंगांचा चष्मा तिच्या नाकावर टेकवला, फोटोग्राफरकडे बघून हसले. टाळ्या झाल्या. मी पुढे होऊन चष्मा काढला आणि घाईघाईने पट्टी पुन्हा बांधली.

पाहुण्यांची मोटार गेल्यावर सेक्रेटरींचा तोल सुटला. “ये आदमी मेरी नाक कटवाएगा! सबको जीप में बैठाओ.”

काका धावत आले. “साहब, जीप नहीं. टांके कच्चे हैं. अब चार्ज हो गया है, चढ़ेगी. भगवान की कसम, चढ़ेगी.”

“पिछली बार भी यही कसम थी ना?”

मग मी पुढे झाले. म्हटलं, जीपमध्ये वास आहे, ह्या ओकतील, डोळे जातील. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “पाँच मिनट में टंकी भरेगी और आराम से पहुँच जाओगे. इसके भरोसे रात हो जाएगी.” मी डॉक्टरांकडे बघितलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. शाबास!

पाच मिनिटांत टाकी भरली, हे मात्र खरं. पंपावर टाकी भरली, वर तो जादा डबाही काठोकाठ भरला आणि चौघींच्या पायांमध्ये आणून ठेवला. मी डबा माझ्या पायांत ओढून घेतला, बोळ्यावर पदर दाबून धरला. काय होणार त्याने! उन्हाने तापलेली जीप, गच्च बसलेल्या बायका. घाटीच्या पहिल्या वळणाला एकीने तोंड दाबलं. दुसऱ्या वळणाला म्हातारी माझ्या मांडीवर ओकली. मी तिचं कपाळ धरलं होतं. “दाबू नका माँजी, जोर करू नका,” म्हणत होते. ओकारी काय सांगून थांबते? ती पुन्हा ओकली, मग पुन्हा. ड्रायव्हर म्हणाला, “सिस्टर, सीट धुलवानी पड़ेगी.”

त्या वासाची मला आजही घाण वाटते. स्कूटरवर मागे बसून पंपावर गेले तर मी आधी उतरून लांब उभी राहते.

संध्याकाळी व्हॅन आली. घाटी चढून, न थांबता. मी आवारात साडी धूत होते. बघितलं तर चार सीटांवर गव्हाची चार पोती उभी बांधलेली. चक्कीवाल्याकडून उसनी आणली होती. रिकामी होती म्हणून चढली, असं कुणी म्हणायला नको! काका खाली उतरले, पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “चार बायकांच्या वजनाची आहेत. चढली, सिस्टर. बघा.”

बघायला कुणी नव्हतं. सेक्रेटरी घरी गेले होते. मी माझ्या ओल्या साडीकडे बघितलं, तसं काकांनीही बघितलं. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

तिघींचं निभावलं. म्हातारीचा टाका उसवला होता, मग पू झाला. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं, पण डोळा गेला. तिला सांगायचा धीर कुणाला होईना. पट्टी सुटली की दिसेल, या आशेवर ती खाटेवर मजेत बसलेली असायची.

आठवड्याने कार्यक्रमाचा फोटो रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर लागला. मोठी चौकट, खाली पाहुण्यांचं आणि सेक्रेटरींचं नाव, म्हातारीचं नाही. काकांनी तो पाहिला. मग तिथून थेट वॉर्डात आले आणि तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसले. मी पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटच्या डोळ्यात औषध घालत होते.

“माँजी,” त्यांनी विचारलं, “उस दिन पट्टी खुली, तब क्या दिखा?”

म्हातारीचा चेहरा फुलला. तेवढ्या क्षणात तिला सगळं स्वच्छ दिसलं होतं. एक मोठा माणूस दिसला, म्हणाली, अगदी नाकापुढे. डोक्यावर टोपी, गळ्यात फुलं. तोंडावरून, मानेवरून घाम वाहत होता, थेंब न् थेंब दिसला. मग ती चुकचुकली. “घणो पसीनो आर्यो छो बापड़ा नै. कोई पंखो तो झल देतो.”

बिचाऱ्याला कुणी वारा तरी घालायचा.

काका उठले. माझ्याकडे न बघता बाहेर गेले, ते गेलेच. भुसावळला निघून गेले, असं पुढे त्यांच्या मुलाकडून कळलं. व्हॅन आवारात तारेला बांधलेली तशीच राहिली. पण त्या क्षणी म्हातारीला काही कळलं नाही. स्टूल रिकामं झालेलं तिला दिसलं नाही. ती तिकडेच तोंड करून कितीतरी वेळ सांगत राहिली, की तो माणूस चांगल्या घरचा वाटत होता आणि उन्हाने त्याचे फार हाल झाले.