उघडणार न्हाई असाच चाकू द्या

उघडतच नव्हता. नखानं ओढला, दातानं ओढला, पदरात धरून ओढला, पण पातं काही बाहेर येईना. अन् मांडीवर माझं दहा महिन्याचं लेकरू असं रडून राहिलं व्हतं की बसमधले सगळे माना वळवून आमच्याकडंच बगत व्हते. त्याच्या उजव्या हाताचं बोट जांभळं पडलं व्हतं. खरंच जांभळं, वांग्यावानी. मी एकदा चाकूकडं बगायची, एकदा बोटाकडं, अन् त्या घाईत चाकू दोनदा खाली पडला.

बस देगलूरहून लातूरला चालली व्हती. उदगीर मागं पडून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. मी माहेरी चालले व्हते, भावाच्या साखरपुड्याला. बाजूला खिडकीशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात लेकराच्या गळ्यात लहानपणीच इष्टलिंग बांधतेत. ते ज्या दोऱ्यात असतंय त्याला शिवदारा म्हणतेत. पांढरा, पिळाचा, लई मजबूत दोरा. तर लेकरू झोपेतून उठलं अन् त्या दोऱ्यात बोट घालून पीळ देत बसलं. मी शेंगा सोलून खात व्हते. मला वाटलं खेळून राहिलंय, खेळू दे, दोन शेंगा सुखानं खाऊ. त्यानं पीळ दिला, दिला, दिला, अन् मग जोरात ओढलं. झालं! बोटाला चार-पाच वेढे बसले, अन् दोरा इतका आखूड झाला की डोक्यातून निघंना. वेढा सोडवायला गेले की लेकरू हात झटकायचं अन् वेढा आणखी आवळायचा. थुंकी लावली. पाणी ओतलं. काही नाही.

अन् पिशवीत चाकू व्हता. तोच तर घोळ हाय सगळा.

मला चाकूचं पहिल्यापासून भ्या वाटतंय. शाळेत पेन्सिल तासायला ब्लेड द्यायचे तेव्हा मी शेजारणीकडून तासून घ्यायची, अन् बदल्यात तिचं गणित करायची. माझं गणित कसं व्हतं ते इचारू नका, ती नापास झाली. नववीनंतर शाळाच सुटली, मला वाटलं ब्लेडही सुटली. पण लेकरू झालं अन् आत्याबाई म्हणल्या, वर्षाच्या आतलं लेकरू घेऊन गावाची शिव ओलांडायची तर जवळ लोखंड पाहिजे. न्हाईतर नजर लागतीय, वारं लागतंय, काय काय लागतंय. घरात पाळण्याखाली विळा असतोयच. 

मी म्हणलं, "आत्याबाई, बसमधी विळा घेऊन बसू का? लोक काय म्हणतील, कुणाचा गळा कापायला चालली?"

"मग चाकू घे फडक्यात बांधून."

"भाजीचा? एवढा मोठा? लेकरानं हात घातला म्हंजे?"

"मग काय लोखंडी तवा डोक्यावर घेती का?"

"तुमचा अडकित्ता द्या की."

असं म्हणले अन् त्यांनी कमरेची चंची गच्च धरली. "अन् मी सुपारी कशानं फोडू? तुझ्या डोक्यानं?"

तवा ठरलं, घडीचा छोटा चाकू घ्यायचा, जवळ बाळगायला. आमच्या ह्यांचं किराणा दुकान हाय. गिऱ्हाइकाची वाट बगत बसायचं अन् मोबाइल बगायचा. तीन दिवस ह्यांनी चाकूचे व्हिडिओ बगितले. जेवताना चाकू, आंघोळीला जाताना चाकू. पातं बोटाएवढं पाहिजे, मूठ घसरायला नको, उघडल्यावर पातं जाग्यावर बसलं पाहिजे, आपोआप मिटून बोट कापायला नको. अन् मुख्य म्हंजे, हे ताटावर बोट आपटून म्हणले, "एका हातानं उघडला पाहिजे. दुसऱ्या हातात तुझ्या लेकरू असतंय."

मी म्हणलं, "बरं." माझ्या डोक्यात वेगळंच व्हतं.

बाजाराच्या दिवशी गेलो दोघं. कुलपं, बिजागऱ्या, कात्र्या विकणारे एक म्हातारे चाचा हायत. त्यांनी पेपर अंथरला अन् त्यावर सात-आठ चाकू मांडले, जसे काय सोन्याचे दागिनेच. लाकडी मुठीचा, शिंगाच्या मुठीचा, एक मासोळीच्या आकाराचा, एक लाल पिलास्टिकचा. ह्यांनी एक काळा उचलला, अंगठ्यानं काहीतरी केलं अन् पातं 'खट' करून बाहेर आलं. मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या केळीवाल्यानं हातातला घड टाकला.

"आगं, उघडला फक्त!"

"पिशवीत उघडला म्हंजे? लेकराचे कपडे असतेत, दुधाची बाटली असतीय…"

"पिशवीत कोण अंगठा लावणारय त्याला?"

"बस हादरतीय की! आपल्या रस्त्यानं चाकूच काय, कुलूपबंद कपाट उघडंल."

मी चाचांना म्हणलं, "चाचा, उघडणार न्हाई असाच चाकू द्या."

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. मला बगितलं, ह्यांना बगितलं. "बेटी, लोगां चाकू काटने के वास्ते लेते. बंद रखने के वास्ते कोई नै लेता."

"मला कापायचं न्हाईच काही. मला नुसतं जवळ पाहिजे."

"तो खिळा लेके जा, सस्ता पडता."

हे दुकानातच हसायला लागले. मी मात्र एकेक चाकू घेऊन पाहिला. सहज उघडला की बाजूला. थोडा जोर लावून उघडला तरी बाजूला. शेवटी तो लाल पिलास्टिकचा. नखासाठी बारीक खाच व्हती, त्यात नख घालून ओढलं तर नख मोडलं पण पातं हललं न्हाई. मी म्हणलं, हाच. चाचा म्हणले, हा डब्यात लई दिवस पडलेला हाय, तेल घालून देतो. मी म्हणलं, नको, तेल बिल काही नको, हाय असाच द्या.

तेव्हापासून ह्यांनी त्याचं नाव कुलूप ठेवलं. "कुलूप घेतलं का पिशवीत?" "कुलपाची किल्ली कुठंय?" दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाबी दाखवायचे, उघडून दाखवा म्हणायचे, अन् दोन-चार जण खरंच नख मोडून गेले. मला काही वाटायचं न्हाई. पिशवीत लोखंड व्हतं, आत्याबाई खुश. लोखंड बंद व्हतं, मी खुश.

तर त्या बसमधी त्याच कुलपानं माझा जीव घेतला.

चाकू काढला तेव्हाच आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "काय करतीस?"

"दोरा कापते."

"शिवदाऱ्याला लोखंड? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? जन्माला आल्यावर बांधलंय ते. सोडव. हळूहळू सोडव."

"सुटत न्हाई ना!"

"सुटंल. बसवण्णा बसवण्णा म्हण अन् सोडव."

मी बसवण्णा बसवण्णा म्हणत चाकू ओढत व्हते. खरं सांगते, त्यांचं ऐकून मी थांबले असं न्हाई. चाकूच उघडत नव्हता म्हणून थांबले. उघडला असता तर मी काय केलं असतं माहीत न्हाई, त्यांनी हात धरलेला अन् मला त्यांचं लई भ्या. पण लेकराचं बोट बगून त्यांचं भ्या कमी कमी व्हायला लागलं, अन् तेवढ्यात कंडक्टर आला.

"काय झालं ताई?"

"दादा, एवढा चाकू उघडून द्या."

त्यानं घेतला. ओढला. दात-ओठ खाऊन ओढला. नख तोंडात घातलं. "ताई, हे खेळण्यातलं हाय का?"

मागून एक जण म्हणला, "गाडी परत उदगीरला घ्या, दवाखाना हाय." पुढून एक बाई म्हणली, "तेल लावा बोटाला." कुणाकडं तेल व्हतं? डोक्याला लावलेलं सोडून? चाकू तीन बाकड्यांवर फिरून परत माझ्याकडं आला, तसाच बंद. कुणाकडं दुसरा चाकू नव्हता, कात्री नव्हती, ब्लेड नव्हती. आत्याबाईंचा अडकित्ता व्हता, पण अडकित्त्यानं लेकराच्या गळ्याजवळ कोण कापंल? मी लेकराला छातीशी धरलं अन् मीच रडायला लागले. बोट आता काळपट दिसत व्हतं. अन् लेकराचं रडणं बारीक व्हायला लागलं, अन् ते बारीक झालेलं रडणं मोठ्यापेक्षा वाईट असतंय, आई झालेलीला माहीत हाय.

आत्याबाईंनी बोटाला हात लावून पाहिला. बोट गार लागलं असंल. मग त्यांनी हात मागं नेला, अंबाड्यातला लोखंडी आकडा ओढून काढला अन् माझ्या हातात दिला. त्यांचा अंबाडा सुटून केस पाठीवर आले. मी त्यांना कधी मोकळ्या केसात बगितलं नव्हतं. आकडा कशासाठी दिला ते त्यांनी सांगितलं न्हाई. तोंड खिडकीकडं केलं अन् म्हणल्या, "ऊस बरा हाय औंदा इकडं."

बाहेर ऊस नव्हता. सोयाबीन व्हतं.

मी आकड्याचं टोक खाचेत घातलं, चाकू गुडघ्यांत धरला अन् ओढला. कर्र करून उघडला. मला भ्या वाटायचं तेवढं पातं मोठं नव्हतंच, माझ्या करंगळीएवढं. कंडक्टरनं लेकराचं डोकं धरलं. मी मानेमागं दोऱ्याखाली माझं बोट घातलं, बोटावर पातं ठेवलं अन् कापला. एकदम न्हाई कापला, तीनदा घासावं लागलं, त्यात माझ्या बोटाला लागलं, पण ते नंतर कळलं. दोरा ढिला झाला, वेढे सुटले. बोट आधी पांढरं झालं, मग गुलाबी, मग लाल. लेकरानं ते बोट तोंडात घातलं अन् माझ्याकडं असं बगितलं, जसं काय मीच काहीतरी केलं त्याला.

बसमधी कुणीतरी टाळी वाजवली. कंडक्टर म्हणला, "ताई, घरी गेल्यावर आधी ह्याला तेल घाला."

अन् मी आत्याबाईंकडं बगितलं. त्यांनी इष्टलिंग खाली पडू दिलं नव्हतं. तोंड खिडकीकडं, पण हात माझ्या मांडीपाशी, ओंजळ करून. दोरा सुटला तसं ते त्यांच्या ओंजळीत आलं. तिथून लातूरपर्यंत त्यांनी ती ओंजळ खाली केली न्हाई. पाणी प्याल्या न्हाईत, सुपारी खाल्ली न्हाई. दोन्ही हात गुंतलेले, अन् वाऱ्यानं केस तोंडावर येऊन राहिलेले. मग मीच त्यांचा अंबाडा घातला. माझ्या हातचा अंबाडा वाकडा झाला.

"वाकडा झाला," त्या म्हणल्या.

"हाव."

"असू दे." मग थोड्या वेळानं, "लोखंड जवळ पाहिजे म्हणलं व्हतं का न्हाई मी?"

लातूरला उतरलो. माझ्या माहेरच्या दारात पाय ठेवायच्या आधी त्यांनी इष्टलिंग एका मुठीत घेतलं अन् दुसऱ्या हातानं माझा पदर ओढला. "दोरा जुना झालता, तुटला. कळलं? आपोआप तुटला." मग आत जाऊन आंघोळ केली, पूजा केली, मठातल्या स्वामींना बोलावून नवा शिवदारा घालून घेतला, अन् त्यानंतर पाणी प्याल्या. सगळ्यांनी इचारलं तर तेच सांगितलं, जुना झालता, तुटला. माझ्या बोटाला चिंधी बघून आईनं इचारलं तर म्हणल्या, "शेंगा सोलताना लागलं." शेंगा सोलताना कुणाला लागतंय का? पण आई त्यांना भेते, चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गोलाईच्या बाजारात एका दुकानात गेल्या. मला वाटलं साखरपुड्याचं काही घ्यायचं असंल. त्यांनी दुकानदाराला म्हणलं, "चाकू दाखवा. घडीचा. एका हातानं उघडणारा." दुकानदारानं मांडले. आत्याबाई एकेक उचलायच्या अन् मला द्यायच्या. "उघड. डाव्या हातानं. उजव्या हातात लेकरू हाय असं समज." खट. मी दचकले. "परत." खट. "परत." सहाव्यांदा मी दचकले न्हाई. तो घेतला. काळ्या लाकडाच्या मुठीचा, पातं उघडल्यावर जाग्यावर बसतंय, अंगठ्यानं दाबल्याशिवाय मिटत न्हाई. अगदी आमचे हे म्हणले व्हते तसा. ते ह्यांना सांगायचं न्हाई, असं मी तिथंच ठरवलं.

देगलूरला आल्यावर ह्यांनी नवा चाकू बगितला. "कुलपाचं काय झालं?"

आत्याबाई म्हणल्या, "पेरू कापायला घेतलाय हा. लातूरचे पेरू कडक असतेत."

"अन् कुलूप शेवटपर्यंत उघडलंच न्हाई ना?" हे माझ्याकडं बगून हसले. "म्हणलं व्हतं का न्हाई?"

"न्हाई उघडलं," मी म्हणले. आठ दिवस ऐकून घेतलं. शेजारीपाजारी, दुकानातले, सगळे. कुलूपवाली. मला सांगावं वाटायचं की उघडलं व्हतं वो, माझ्या हातानं उघडलं. पण आत्याबाई समोर सुपारी कातरत बसलेल्या असायच्या.

अन् आज सकाळी ह्यांनी त्या लाल चाकूत मशीनचं तेल सोडलं, पकडीनं धरला अन् उघडला. उघडला तर सांध्यात पांढऱ्या दोऱ्याचे दोन तंतू अडकलेले. ह्यांनी ते चिमटीत धरून उजेडात नेले. लेकराच्या गळ्यातल्या नव्या शिवदाऱ्याकडं बगितलं. मग आत्याबाईंकडं बगितलं, मग माझ्याकडं. हसत नव्हते.

"हे काय हाय?"

आत्याबाईंचा अडकित्ता थांबला. त्यांनी मान वर केली न्हाई. लेकरू पाळण्यात तेच बोट तोंडात घालून पडलेलं. मी, "थांबा, दूध उतू जायलंय," म्हणून आत पळाले. दूध ठेवलेलंच नव्हतं. अन् आता इथं चुलीपाशी उभी हाय, बाहेर दोघं माझी वाट बगत हायत, अन् मला सांगा बायांनो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?