कोणती गरी सोडायची

लग्नासाठी हे सुट्टी काढून आले आणि सुट्टी संपताच कुवेतला परतले. त्यांनी मला बोलावून घेतलं तोवर एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. मी बोटीतून उतरले तेव्हा नवऱ्याचा चेहरा मला फोटोतूनच जास्त ओळखीचा होता.

कुवेत शहराजवळच्या हवल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या. पहाटे कंपनीची बस यायची आणि यांना मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत घेऊन जायची. हे तिथे पंपघरात होते. संध्याकाळी यायचे, जेवायचे, रेडिओ इतक्या मोठ्याने लावायचे की शेजारची पॅलेस्टिनी बाई भिंतीवर थाप मारायची. मी काही विचारलं तर नुसतं ‘हूं’. एकदा विचारलं, "उद्या भात करू की भाकरी?" तर म्हणाले, "हो." मला वाटलं, इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस, घरात कुणी बोलायला आहे याची सवय व्हायला वेळ लागेल. मी मात्र आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, माणसांनी गजबजलेल्या घरातली. मला ती शांतता खायला उठायची.

यांचा फोरमन अमेरिकन होता. तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने यांना एक पत्र्याचा डबा दिला. आत शिशाच्या बोंडात ओतून बसवलेल्या गऱ्या, म्हणजे मासे धरायचे गळ होते आणि प्रत्येकीला केसांची नाहीतर पिसांची झालर. तो त्यांना जिग म्हणायचा. त्याच्या गावाजवळ समुद्र नव्हता, मोठं तळं होतं. तळ्यात होड्या बांधायचे लाकडी धक्के, बुडालेली झाडं, दाट गवत. बास नावाचा मासा असल्याच अडचणीत दडून बसतो आणि साधी गरी तिथे टाकली की अडकते, म्हणून त्याने या घरी बनवल्या होत्या. गरीच्या टोकापुढे ताठ केसांचा छोटा कुंचला बांधलेला, म्हणजे टोक लाकडात रुतत नाही, पण माशाने तोंडात घेतली की केस दबतात आणि टोक लागतं.

रिफायनरी उभी राहत असताना यंत्रं उतरवायला केलेला एक जुना लाकडी धक्का होता. आता तिथे एखाददुसरी लाँच लागायची. शुक्रवारी सकाळी कामगारांना तिथे मासे धरायला बसू देत. आमच्याच बाजूचा, रायगडकडचा एक ड्रायव्हर शुक्रवारच्या पाळीची माणसं पिकअपमधून न्यायचा, तो आम्हालाही पुढे बसवायचा. जुम्याच्या नमाजाआधी परत आणून सोडायचा.

धक्क्याचे खांब कालवांनी भरलेले होते. खाली जुने दोर, लोखंडी तारा, एक फुटलेला तराफा. आणि त्या सगळ्याच्या सावलीत हमूर. आमच्याकडे त्याला गोबरा म्हणतात. हा मासा गरी तोंडात घेतो आणि तडक बिळात मागे फिरतो. तेवढ्यात ओढला नाही तर मासाही गेला आणि दोरीही.

पहिले काही शुक्रवार आमच्या गऱ्याच जात राहिल्या. हे डब्यातली सगळ्यात जड, गोल डोक्याची जिग उचलायचे. ती धाडकन खाली जायची आणि तराफ्याच्या दोन फळ्यांच्या बेचक्यात बसायची. हे दोरी हिसकायचे, हात कापून घ्यायचे. एकदा मला राहवलं नाही. मी समोर जाऊन बसले.

"गोल डोकं नको," मी म्हणाले. "आमच्या खाडीत कांदळाच्या मुळांत माझा भाऊ लांबट शिसं लावायचा. ते फटीतून जसं जातं तसंच बाहेर येतं."

हे माझ्या ओठांकडे बघत होते. मी बोलायला लागले की हे नेहमी तसं बघायचे आणि मला लाज वाटायची. मी ओढणी पुढे ओढली.

"लांबट," हे म्हणाले. "बरं. लांबट लावू."

निमुळत्या डोक्याची तपकिरी जिग खांबाला लागून सोडली. ती अडखळली, कलली, निसटली. त्या दिवशी मासा लागला नाही, पण सगळ्या गऱ्या घरी परत आल्या. मिठाने गंजू नयेत म्हणून त्या मी वाटीभर गोड्या पाण्यात बुडवून काढल्या. पाणी टँकरचं, त्यामुळे जिवावर यायचं. वर माझ्या केसांच्या बाटलीतलं खोबरेल लावलं. झालरी विरल्या तेव्हा हवल्लीच्या खाटकाकडून बकऱ्याचे केस मागून आणले आणि नव्याने बांधल्या.

हळूहळू आमचं एक शास्त्र तयार झालं. ऊन चढलं की मासा अगदी फळ्यांखाली सरकतो, तेव्हा हलकी घ्यायची, म्हणजे ती सावलीत सावकाश उतरते. दोरांच्या गुंत्यात मात्र वजन लागतं, नाहीतर ती तळापर्यंत पोचतच नाही. पाणी नितळ असेल तर झालर विरळ, कालवांच्या रंगाची. कधी मी निवडायची, कधी हे. त्या निवडण्यात आम्ही जितके शब्द बोललो तितके आठवडाभर घरात बोलत नसू. मला शुक्रवारची ओढ लागली ती माशांसाठी नव्हे.

एकदा दोन दिवस धुळीचं वारं वाहिलं आणि त्यानंतरच्या शुक्रवारी पाणी ताकासारखं गढूळ होतं. डबा उघडून मी एकेक जिग उचलत होते. एक काळी उचलली तर आत खुळखुळ वाजलं. नीट बघितलं तर झालरीखाली पितळेची बारीक नळी बांधलेली आणि तिच्यात छर्रे. त्या फोरमनने किती विचार केला होता! गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, पण आवाज पोचतो.

"ही बघा," मी म्हणाले. "ही वाजते. आणि ही दुसरी काळी, ती वाजत नाही."

यांनी दोन्ही घेतल्या, कानाशी हलवल्या आणि म्हणाले, "दोन्ही सारख्याच की."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. हे हसले नाहीत. दुसरी काळी उचलून दोरी बांधायला लागले.

मी वाजणारी घेऊन त्यांच्या मागे गेले आणि डाव्या कानाशी जोरात हलवली. हे पाण्याकडे बघत राहिले. उजव्या कानाशी हलवली. मान किंचित वळली, जणू दूर कुणी काही बोललं असावं. तो रेडिओ, ते ‘हूं’, भात-भाकरीचं ते ‘हो’, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं.

मी समोर येऊन बसले. "तुम्हाला ऐकू येत नाही?"

यांनी दोरीची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "पंपांचा आवाज. आधी डावा गेला. आता उजवाही जातोय."

"कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं तर घरी पाठवतील."

"आणि धोक्याची शिट्टी झाली तर? तुम्हाला कसं कळणार?"

"इतरांकडे बघत असतो," हे म्हणाले. "ते धावले की मी धावतो."

ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. यांनी माझ्या हातातली जिग घेतली, डोळे मिटले आणि दोन बोटांत धरून हलवली. "हाताला कळतं," म्हणाले. "छर्रे लागतात."

तीच सोडली. हमूर लागला तेव्हा मला पाण्यावर काही दिसायच्या आत यांनी हात मागे खेचला होता. बरणीएवढ्या तोंडाचा, ठिपक्याठिपक्यांचा मासा फळ्यांवर आपटत होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. कुणालाच आनंद झाला नाही.

पुढचे काही दिवस मी एवढंच म्हणत राहिले, तोंडासमोर येऊन, सावकाश: "सांगून टाका. गावी गेलो तर गेलो. तिथेही खाडी आहे." हे चिडायचे, उठून गॅलरीत जायचे. एके संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, "आज सांगितलं." नव्या इनचार्जने कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. डॉक्टरने कान तपासले. घरी पाठवलं नाही, पण पंपघर सुटलं. हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथे खिडकीशी माणसं येत, हाताने आकार दाखवत आणि हे तो पाना काढून देत.

नोकरी राहिली म्हणून मी अल्लाचे आभार मानले. यांना मात्र ते फार लागलं. पंपघर हा त्यांचा अभिमान होता. कुठला पंप कसा चालतोय हे ते पायाखालच्या थरथरीवरून सांगत, आणि आता दिवसभर पाने मोजायचे. कितीतरी शुक्रवार धक्क्यावर यायला तयार झाले नाहीत. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवायचा, मी गॅलरीतून नको म्हणून हात हलवायची.

शेवटी एका शुक्रवारी मी एकटीच तयार होऊन पिकअपमध्ये जाऊन बसले. ड्रायव्हर बिचारा गडबडला, "भाभी, भाईसाब?" म्हणून विचारायला लागला. हे गॅलरीतून बघत असावेत, इंजिन सुरू झालं तेवढ्यात जिन्यावरून उतरले आणि शेजारी बसले. धक्क्यावर मी एक निवडली, यांनी ती ठेवून दुसरी घेतली. "पाणी उतरतंय. हलकी घे," म्हणाले. मी घेतली. त्या सकाळी दोन मासे मिळाले, दोन्ही यांच्या दोरीला.

घरी येऊन मी मासा कापला, त्रिफळं घालून कालवण केलं. मुलं तेव्हा झाली नव्हती, दोघंच जेवायला बसलो होतो. हे ताट पुढे ओढता ओढता थांबले.

"तुझ्या त्या खाडीवर," त्यांनी विचारलं, "तू काय काय करायचीस? कधी विचारलंच नाही मी."

मी सांगायला लागले. आईबरोबर खडकांवर कालवं फोडायला जायचो ते, ओहोटीला चिखलात पाय रुतायचे ते, भावाची होडी उलटली होती ते. हे माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते आणि मधूनच हात वर करून थांबवत होते. "हे परत सांग. हे नीट कळलं नाही." मी परत सांगायची. कालवण ताटात निवून गेलं, अस्रच्या नमाजाची वेळ झाली, तरी माझं सांगून संपलं नव्हतं.