न जळणाऱ्या वाती

"तुमच्या आईच्या फुप्फुसात दगड शिरलाय," हैदराबादच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. एक्स-रेची काच त्यांनी खिडकीच्या उजेडाला धरली होती. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढरं जाळं दिसत होतं.

बाकावर माय धापा टाकत बसली होती. "क्षय हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. खाणीत काम केलंय? गिरणीत?"

"न्हाई ओ. मी वाती वळते. गडावरच्या देवाला लाख वाती वाहायचा नेम हाय माजा."

डॉक्टर हसले. वाती वळून कुणाचं फुप्फुस असं होत नाही, म्हणाले. मायला ते लागलं. तिनं कमरेच्या पिशवीतून एक वात काढली. "ही साधी न्हाई. ही जळत न्हाई."

डॉक्टरांनी ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वात लाल झाली. बाजूला घेतल्यावर होती तशीच निघाली. ते पुन्हा हसले नाहीत.

आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला. मामा जिनिंगच्या कारखान्यात बॉयलरला कोळसा घाली. बॉयलरच्या नळ्यांभोवती ऊब धरून ठेवायला एक करडा कापूस गुंडाळलेला असे. तो जुना झाला की उचकटून फेकत. मामा तो पोत्यात भरून घरी आणी. आम्ही त्याला दगडी कापूस म्हणायचो. मायनं त्याची वात करून पाहिली. तेल संपलं, वात उरली. गावभर झालं. "आक्का, आमाला बी द्या की देवाची वात," म्हणत बाया दारात येऊ लागल्या.

माय तो कापूस काठीनं झोडपी, बोटांनी पिंजी, मांडीवर वळी. माजघरात धूळ तरंगत राही. वर्षं अशीच गेली. मग कोरडा खोकला लागला. हकिमानं कफाची दवा दिली. पुढे विहिरीवरून येताना ती वाटेत बसू लागली, बोटांची टोकं फुगली, तेव्हा मी तिला हैदराबादच्या गाडीत घातलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुमच्यासाठी लिहितो. या दगडाला ॲस्बेस्टॉस म्हणतात. त्याचे धागे डोळ्यांना न दिसणाऱ्या काट्यांसारखे श्वासाबरोबर खोल जातात. तिथे धूळ गिळणाऱ्या पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचे सूक्ष्म जिवंत कण. पेशी काटा गिळायला जाते, पण काटा तिच्याहून लांब. अर्धा आत, अर्धा बाहेर. पेशी मरते, तिच्यातला जाळणारा रस सांडतो, दुसऱ्या पेशी धावून येतात, त्याही मरतात. या दाहाला इन्फ्लमेशन म्हणतात. काटा कुजत नाही, म्हणून दाह थांबत नाही. शेवटी फुप्फुस वणासारखं निबर होतं, ते फायब्रोसिस. असं फुप्फुस फुगत नाही.

"औषध?" मी विचारलं.

"नाही. त्या धुळीपासून लांब ठेवा. घरातल्या सगळ्यांनाच."

परतल्यावर मामाला सांगितलं. तो म्हणाला, "कापूस उचकटताना कारखान्याचा साहेब नाकाला वलं फडकं बांधायचा. आमी हसायचो. म्हनायचो, लई नाजूक हाय बे ह्यो!"

साहेबाला ठाऊक होतं! आपल्या नाकापुरतं फडकं त्यानं शोधलं. शेजारी उभ्या माणसाला सांगायला त्याच्यापाशी एक शब्द नव्हता. ज्यांचे कारखाने आहेत त्यांना मी विचारतो: माणसाच्या श्वासाहून बॉयलरची ऊब मोलाची कधीपासून झाली?

पण घरातला प्रश्न याहून अवघड होता. लहानपणी मला ताप आला होता, तेव्हा मी वाचावं म्हणून मायनं तो नेम धरला होता. नेम अर्धा राहिला तर मुलाच्या जिवावर येतं, अशी तिची पक्की समजूत. आणि एकदा देवाला न जळणारी वात दिली की साधी चालायची नाही. आमच्याकडे आईचा अर्धा नेम लेकीनं पुरा करायचा असतो. माझी बहीण गंगू न सांगताच पोतं ओढून बसली. मी ओरडलो, वाद घातला, देवालाही शिव्या दिल्या.

"तू गप," गंगू म्हणाली. "तुज्याच जिवासाठी हाय."

तिनं काठी उचलली. पहिल्याच तडाख्याला धूळ उठली आणि ती खोकली. माय भिंतीला धरून उठली. आठवड्यात ती अशी उठली नव्हती. तिनं काठी हिसकून घेतली.

"पानी वत त्याच्यावर," ती मला म्हणाली. "वलं कर आन् पुरून ये. नेम मी मोडला. देवाला काय मागायचं ते माज्याकडून मागू दे. माज्या लेकीकडून न्हाई."

मी पोतं भिजवून खोल पुरलं. दोन्ही पोरांकडे बघत माय थंडी सरायच्या आत गेली. शेवटी तिला आडवंही होता येत नव्हतं.

ज्यांच्या घरी असा कापूस असेल त्यांनी तो झाडू नये, झटकू नये, आधी भिजवावा. आणि आमच्या मायनं मोडला तसा एखादा नेम मोडायची वेळ आली, तर भिऊ नये. मी जिवंत आहे. गंगूला खोकला नाही.